लोखंडाचा शेजार

आपल्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या भिंतींवर तांबडा, पिवळा आणि हिरवा हे रंग आपण पाहतो. तीन रंग, पण तिन्हींमागचा मुख्य धातू एकच: लोखंड. मग रंग वेगळे का? उत्तर लोखंडाच्या शेजारात आहे.

स्फटिकात धातूचा अणू एकटा नसतो. त्याच्याभोवती ठरावीक जागी दुसरे अणू बसतात आणि आपल्याकडची इलेक्ट्रॉनची जोडी पुढे करून त्याला धरून ठेवतात. अशा शेजाऱ्याला लिगंड म्हणतात. ‘बांधणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले. धातूभोवतीच्या या मांडणीचा सिद्धांत आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ साली मांडला. त्यांना १९१३ चे नोबेल मिळाले.

आता गेरू पाहू. आमच्या घरात दख्खनी, दाराबाहेर मराठी. गेरू हा शब्द मात्र दोन्हीकडे तोच. गेरूत प्रत्येक लोखंडाभोवती सहा ऑक्सिजन असतात. पिवळ्या मातीतही शेजारी सहाच, पण त्यांतले तीन हायड्रोजनला सोबत घेऊन आलेले. ही माती भट्टीत चांगली तापवली की हायड्रोजन पाण्याची वाफ होऊन निघून जातो, शेजार नव्याने मांडला जातो आणि पिवळ्याचा तांबडा होतो.

हिरवी माती तर आपल्या काळ्या पाषाणातली. त्याच्या पोकळ्यांत सेलॅडोनाइट नावाचे हिरवे खनिज मिळते. त्यात लोखंडाची दोन रूपे जवळजवळ नांदतात. एकाचा इलेक्ट्रॉन प्रकाशातला तांबडा भाग शोषून दुसऱ्याकडे जातो आणि आपल्याला हिरवा दिसतो. निळा मात्र पाहुणा. तो अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाचा आणि त्याचा रंग गंधकामुळे आहे.

चित्रे फिकी पडली, असे आपण सहज म्हणून जातो. पण दीड हजार वर्षांनंतरही गेरूतल्या लोखंडाने आपले शेजारी सोडलेले नाहीत. सुटतो तो मागचा गिलावा. तो माती, भाताचा तूस आणि गवत यांचा. ओल आणि कीड त्याला पोखरतात. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली इटलीहून तज्ज्ञ आणून सुटणारे पापुद्रे बसवून घेतले. चित्रांवर दिलेला लाखेचा लेप मात्र पुढे काळवंडला आणि रंग त्याच्याखाली झाकले गेले. तो उतरवण्याचे नाजूक काम पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांच्या वाट्याला आले.

चित्रांच्या लेण्यांत एका वेळी थोडीच माणसे सोडतात. आपल्या श्वासातूनही ओल भिंतीपर्यंत पोहोचते. तेव्हा दाराशी थोडे थांबावे लागले तर कुरकुर करू नका आणि आत गेल्यावर भिंतीला हात लावू नका. रंग टिकाऊ आहे, त्याला धरणारी माती नाही.