सोसणाऱ्याची जखम



कुरुक्षेत्रावर दोन सैन्यांच्या मध्यभागी उभा असलेला अर्जुन श्रीकृष्णाला आपली अवस्था सांगतो, तेव्हा तो प्रथम देहाविषयी बोलतो. गात्रे गळाली आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंगाला कंप सुटला आहे, त्वचेचा दाह होतो आहे, हातातून गांडीव निसटते आहे. युद्ध करावे की करू नये, हा प्रश्न मनाचा; उत्तर मात्र देह देतो आहे. मनावरचे ओझे देहावर कसे उमटते, याचे इतके नेमके वर्णन विरळाच. ते का उमटते, याचा उलगडा मात्र शरीरशास्त्राने विसाव्या शतकात केला.

हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी वेदना, भूक, भय आणि क्रोध यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांवरील आपला ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध केला. संकट समोर दिसताच मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन हे द्रव्य रक्तात सोडतात. हृदय वेगाने धडधडू लागते, रक्तदाब वाढतो, यकृतात साठविलेली साखर रक्तात उतरते, पचनाचे काम मंदावते आणि रक्ताचा ओघ स्नायूंकडे वळतो. लढायचे असो की पळायचे, दोन्हींसाठी देह सज्ज होतो. पुढे १९३६ साली कॅनडातील हान्स सेल्ये यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, थंडी असो, इजा असो वा अतिश्रम, शरीराचा प्रतिसाद बव्हंशी एकच असतो. आधी धोक्याची घंटा, मग झुंज आणि झुंज संपलीच नाही तर अखेर थकून कोसळणे, अशा त्याच्या तीन पायऱ्या सेल्ये यांनी मांडल्या. आज ज्याला सर्रास ‘स्ट्रेस’ म्हटले जाते, त्या शब्दाला वैद्यकात स्थान मिळाले ते त्यांच्यामुळे.

तेव्हा ताण हा मुळात शत्रू नव्हे. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करवून घेणारा, रस्त्यावर अंगावर येणाऱ्या वाहनापासून क्षणात बाजूला करणारा तो रक्षकच आहे. घात होतो तो घंटा वाजतच राहिली की. आग विझविण्यासाठी आलेल्या बंबाने पाण्याचा मारा थांबविलाच नाही, तर जे घर आगीतून वाचले ते पाण्याने खराब होते. कॉर्टिसॉल या द्रव्याचे तसेच आहे. ते महिनोन्‌महिने चढे राहिले की रक्तदाब आणि रक्तातील साखर वाढते, पोटाभोवती चरबी साठते, झोप उडते, रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते. मनाच्या बाजूने चिडचिड, विसराळूपणा, कशातच रस न वाटणे आणि पुढे खरेखुरे नैराश्य, अशी उतरण सुरू होते.

अर्थात, प्रत्येक दुखणे ताणाच्या नावावर खपविणेही बरे नव्हे. जठरातील व्रण हा काळजीने होणारा रोग, असे वैद्यकविश्वही दीर्घकाळ मानत होते. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी त्यामागे बहुतेकदा एक जिवाणू असतो, हे दाखवून दिले आणि २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. छातीत दुखू लागले तर ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून घरी बसणे जिवावर बेतू शकते.

कोणाचा ताण अधिक?

सर्वसाधारण समजूत अशी की, ज्याची खुर्ची मोठी त्याचा ताण मोठा. लंडनमधील सरकारी कचेऱ्यांत १९६७ पासून सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष मांडले, ते या समजुतीला छेद देणारे होते. हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत खालच्या श्रेणीतील निरोपे आणि दारवान यांच्यात वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणे हिशेबात घेतल्यावरही हा फरक पुरता पुसला गेला नाही. १९८५ पासून स्त्रियांनाही समाविष्ट करून झालेल्या दुसऱ्या अभ्यासात त्याचा एक धागा सापडला. ज्यांना आपल्या कामाविषयी स्वतः काही ठरविता येत नाही, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक. केवळ कामाच्या भारापेक्षा, भार वाहताना हात बांधलेले असणे अधिक घातक ठरते.

कचेरीतील हे सूत्र घरात आणून पाहिले की चित्र अस्वस्थ करणारे दिसते. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची घरी शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्याच वयाच्या, तशाच आर्थिक स्थितीतील, पण असा भार नसलेल्या १३ स्त्रिया निवडण्यात आल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच छोटी जखम करून ती भरून येईपर्यंत मोजदाद ठेवली गेली. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस अधिक लागले. मनावरचा भार त्वचेच्या पेशींपर्यंत पोचला होता.

या तेरा स्त्रिया परक्या वाटत नाहीत. पुणे, नागपूर, सांगली, डोंबिवली, कोणत्याही गावी त्या भेटतात. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची कूस बदलणारी, पक्षाघात झालेल्या पतीला भरविणारी, रात्री तीनदा उठून सासऱ्यांना स्नानगृहापर्यंत नेणारी गृहिणी. एक दीर दुसऱ्या शहरात, एक परदेशात. पैसे वेळेवर येतात, रविवारी फोनवर चौकशीही होते. चौकशी रुग्णाची होते. तिची होत नाही. तिच्याविषयी एकच शब्द काढला जातो, ‘फार सोशिक हो!’ हा शब्द गौरवाचा वाटतो खरा. पण अनेकदा तो इतरांना जबाबदारीतून मोकळे करण्याचे साधन ठरतो.

कुटुंबव्यवस्थेचा अभिमान रास्त आहे. वृद्धांची सेवा घरी व्हावी, हा संस्कारही जपण्यासारखाच आहे. परंतु चौघांचे कर्तव्य एकीने पार पाडायचे आणि पुण्य चौघांनी वाटून घ्यायचे, याला कुटुंबव्यवस्था म्हणता येणार नाही. सेवा कुटुंबाची असेल, तर तिचा भारही कुटुंबाचाच असला पाहिजे.

अर्ध्या तासाचे दान

येथे कोणी म्हणेल, योगासने करावीत, ध्यान करावे. उपाय खराच आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली शवासनाचा उच्च रक्तदाबावरील परिणाम शास्त्रीय पद्धतीने तपासून प्रसिद्ध केला. अनेक रुग्णांचा रक्तदाब खाली आल्याचे त्यात आढळले. पण शवासनाला अर्धा तास निर्वेध आडवे व्हावे लागते. ज्या बाईला आतल्या खोलीतून केव्हाही हाक येऊ शकते, तिने डोळे मिटायचे कसे? तो अर्धा तास तिला दुसऱ्या कोणीतरी द्यावा लागतो.

म्हणून उपायाचा आरंभ तिच्यापासून नको, तिच्या भोवतालच्यांपासून हवा. आठवड्यातील दोन रात्री रुग्णाजवळ मुलाने झोपावे. परदेशातील भावाने वर्षातून पंधरा दिवस यावे ते पाहुणा म्हणून नव्हे, पाळी घ्यायला. त्या दिवसांत तिने माहेरी जावे. ऐपत असेल तर मदतनीस ठेवण्यात कमीपणा मानू नये. आणि मदतनीस केव्हा यावी, हे तिलाच ठरवू द्यावे. सामाजिक कार्य करणाऱ्यांनी वस्तीतील अशी घरे हेरून दोन तास रुग्णापाशी बसण्याचा वार ठरवून घ्यावा. या कामाला निधी लागत नाही, मंडपही लागत नाही. रुग्णाला दवाखान्यात नेले की त्याच फेरीत तिचाही रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी.

आणि दोन आठवडे उलटूनही झोप, भूक, उमेद परतली नाही, जगणे नकोसे वाटू लागले, तर क्षणाचाही विलंब न करता मनोविकारतज्ज्ञ गाठावा. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य बोलता येते. तापासाठी वैद्याकडे जाताना कोणी लाजत नाही; मग मनाच्या दुखण्याचीच लाज का?

अर्जुनाचे एक भाग्य होते. गात्रे गळाली त्या क्षणी ‘एवढे काय झाले?’ असे म्हणून वळून न जाता, त्याचे अखेरपर्यंत ऐकून घेणारा सारथी जवळ होता. येथून घरी परतल्यावर प्रत्येकाने आपल्या घरातील सोसणाऱ्या माणसाजवळ पाच मिनिटे बसावे आणि एवढेच विचारावे, ‘सलग झोप लागून किती दिवस झाले?’ आणि उत्तर ऐकल्यावर, आजची रात्र आपण जागावी.