शिंदळ माकुडी, कुंडीतली

यंदा फुलांच्या प्रदर्शनात मी शिंदळ माकुडी मांडली. हसू नका, खरंच असं नाव आहे! ही बया जगात फक्त सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर उगवते. शिवनेरी, पुरंदर आणि आपल्या अकोले तालुक्यात रंध्याला. चांदणीसारखं लालसर-जांभळं फूल, वर पिवळे ठिपके. उन्हाळ्यात पानं गळून नुसत्या जाड काड्या उरतात. मेली समजून फेकू नका.

“कड्यावरून उपटली का?” जो तो हेच विचारतो. अहो, फांदी खोचली की लागते! मुरूम, वाळू, पाणी बेताचं. माझी मित्राच्या कुंडीतली. पाटीवर तसं ठळक लिहिलंय.

एकानं हळूच विचारलं, “रंध्याला नेमकी कुठं?” त्याला फांदी दिली, जागा नाही सांगितली.