आईचा जीव आणि पोटांतला जीव

प्रसूति अडली, आई कीं मूल असा प्रसंग आला, तर कोणाला वांचवावें? यहुदी धर्मशास्त्रानें ह्याचें उत्तर फार पूर्वीं देऊन ठेविलें आहे. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेला 'मिश्ना' ग्रंथ सांगतो कीं, आईच्या प्राणावर बेतलें असतां गर्भ पोटांतच छेदून काढावा; तिचा जीव आधीं. मात्र मुलाचा बहुतेक भाग बाहेर आला, कीं त्याला हात लावूं नये.

असें कां? अकराव्या शतकांतील फ्रेंच भाष्यकार राशी म्हणतात, बाहेर येईपर्यंत गर्भ ही पूर्ण व्यक्तिच नव्हे. बाराव्या शतकांतील मैमोनिडीस हे स्वतः वैद्य; ते म्हणतात, असा गर्भ आईच्या पाठीस लागलेल्या मारेकऱ्यासारखा होय. हा शब्दच्छल वाटेल, श्रोतेहो. पण पुढील वाद ह्यावरच उभा आहे. राशींचें कारण धरलें, तर इतर गंभीर प्रसंगींही वाट राहते. मैमोनिडीसांचें धरलें, तर आईच्या जिवाला धोका नसेल तेथें ती खुंटते.

टे-सॅक्स हा आनुवंशिक रोग पूर्व युरोपीय यहुद्यांत विशेष आढळे. मूल जन्मतः धडधाकट दिसतें. कांहीं महिन्यांनीं अंगांतली शक्ति जाते, दृष्टि जाते, आणि बहुधा पांच वर्षांच्या आंत तें दगावतें. गर्भजल तपासून हा रोग आधींच कळूं लागला, तेव्हां शास्त्राची कसोटी लागली. यरुशलेमचे रब्बी वाल्डेनबर्ग यांनीं १९७५ मध्यें आईबापांचें दुःखही कारण मानून सातव्या महिन्यापर्यंत गर्भपातास अनुमति दिली. न्यूयॉर्कचे रब्बी फाइन्स्टाइन यांनीं १९७६ मध्यें तिचा कडक निषेध केला. दोघेही कर्मठ, दोघेही थोर अधिकारी. आणि यहुद्यांत शेवटचा निकाल देणारा पोप नाहीं! त्यांच्यापैकीं कोणालाही निष्ठुर म्हणणें अन्यायाचें होईल.

वाट काढली ती एका पोळलेल्या बापानें. रब्बी योसेफ एकस्टाइन यांचीं चार अपत्यें ह्याच रोगानें गेलीं. त्यांनीं १९८३ मध्यें 'डोर येशोरिम' संस्था काढली. तरुणांचें रक्त तपासावयाचें, पण निकाल सांगावयाचा नाहीं. केवळ एक क्रमांक द्यावयाचा. विवाह ठरवितांना दोन्ही पक्षांनीं क्रमांक कळवावयाचे. दोघेही रोगाचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला चारांत एक इतका धोका. म्हणून 'जुळत नाहीं' असें उत्तर येतें. आपल्याकडील पत्रिका पाहण्यासारखेंच हें, फक्त येथें ग्रह रक्तांत पाहावयाचे. एकटाच वाहक असेल, तर त्याला तें कळतही नाहीं, आणि त्याच्या नांवाला बट्टा लागत नाहीं.

गर्भ राहिल्यावर ज्यांना हें कळतें, त्यांना मात्र आजही आपल्या रब्बीच्या दारीं जावें लागतें. आणि तो राशींचें कारण मानतो कीं मैमोनिडीसांचें, ह्यावर उत्तर ठरतें.