माओरीतली गर्जना

श्रोतेहो, हेवी मेटल हे शब्द कानांवर पडताच काहींचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला असेल. जरा थांबा. ते संगीत मी वाजवून दाखवणार नाही. त्यातल्या एका गाण्याची हकीगत तेवढी सांगणार आहे आणि ती सुरू होते १८६४ साली, न्यूझीलंडमध्ये.

त्या वर्षी २९ एप्रिलला आजच्या तौरांगा शहराजवळ पुकेहिनाहिना या ठिकाणी लढाई झाली. इंग्रज तिला ‘गेट पा’ची लढाई म्हणतात. ‘पा’ म्हणजे माओरींची गढी. एकीकडे जनरल कॅमेरॉनचे सुमारे सतराशे सैनिक आणि तोफा, दुसरीकडे जेमतेम अडीचशे माओरी. दिवसभर तोफांचा भडिमार झाला. आता आत कोण जिवंत असणार, अशा समजुतीने इंग्रज गढीत घुसले. माओरी जमिनीत खणलेल्या खंदकांत दबा धरून बसले होते. बघता बघता इंग्रजांची दाणादाण उडाली. या सैन्यात ४३वी पलटणही होती. १८५७च्या उठावात मध्य भारतात फिरवली गेलेली हीच पलटण १८६३ साली इथून न्यूझीलंडला गेली. साम्राज्याचा हिशेब असा असतो. एका देशातलं काम उरकलं, की तीच माणसं दुसऱ्या देशात.

त्या रात्री गढीत पडलेल्या जखमी इंग्रजांना माओरींनी पाणी पाजलं. ते काम हेनी ते किरी करामू या स्त्रीने केलं, असं सांगतात. माओरींच्या बाजूचा ते आहोआहो नावाचा योद्धा मात्र या लढाईत कामी आला.

त्याच्याच वंशातले दोघे भाऊ, लुईस आणि हेन्री दे योंग. आडनाव डच, भाषा माओरी. २०१० साली, एक आठ वर्षांचा आणि दुसरा दहा वर्षांचा असताना, त्यांनी ‘एलियन वेपनरी’ नावाचा बँड काढला. पुकेहिनाहिनाच्या लढाईवर त्यांनी ‘रू आना ते फेनुआ’ हे गाणं रचलं. अर्थ सांगायचा तर, धरणी हादरते आहे. ते २०१८ साली आलेल्या ‘तू’ या त्यांच्या पहिल्या संग्रहात आहे. हे नाव माओरींच्या युद्धदेवतेचं, तूमातौएंगाचं.

आता कोणी विचारेल, गिटार परकी, ढंग परका. मग हा विरोध कसला? मला हा प्रश्न थोडा सोवळा वाटतो. हेवी मेटल राजवाड्यात जन्मलं नाही. ते आलं बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या वस्तीतून. ‘ब्लॅक सॅबथ’च्या टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती, पुढे बोटांना सोपं जावं म्हणून त्याने तारा सैल केल्या आणि आवाज जडशीळ झाला. तो आवाज ‘हाका’जवळ चटकन जाऊन बसतो. हाका म्हणजे जमीन दणाणेल असे पाय आपटत, छाती-मांड्यांवर थापा मारत, गळ्याच्या तळातून एकसाथ उठणारा माओरींचा घोष. या दोघा भावांच्या गाण्यात तो घोष शोभेसाठी आणल्यासारखा वाटत नाही. ते माओरी माध्यमाच्या शाळेत शिकले. वाइयाता म्हणजे गाणी आणि हाका हे तिथल्या शिक्षणाचाच भाग.

आणि अशी शाळा असणं हीच मोठी गोष्ट आहे. १८६७च्या कायद्याने माओरी मुलांसाठी सरकारी शाळा निघाल्या त्या इंग्रजी शिकवण्यासाठी. पुढे तर शाळेच्या आवारात माओरी बोललं म्हणून मुलांना मार बसू लागला. मार खाल्लेल्या त्या मुलांचं काय झालं? ती मोठी झाली, आईबाप झाली आणि आपल्या पोरांशी इंग्रजीत बोलू लागली. पोरांना मार बसू नये, एवढाच हेतू. भाषा अशीच मरते, घरातल्या मायेनेच. १९७२ साली तीस हजारांवर सह्यांचा अर्ज संसदेकडे गेला, १९८२मध्ये ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेची घरटी, अशा बालवाड्या निघाल्या आणि १९८७ साली माओरी ही अधिकृत भाषा झाली. दे योंग भावांचं माओरी बोलणं या खटाटोपातून आलं आहे. म्हणून त्यांनी मोठ्याने गायलेला प्रत्येक शब्द मला महत्त्वाचा वाटतो, मग तो आपल्याला कळो वा न कळो.

त्यांचं ‘रौपातू’ नावाचं गाणं आहे. रौपातू म्हणजे जमीन बळकावणं. १८६३च्या कायद्याने माओरींना बंडखोर ठरवलं आणि एकट्या वायकाटोत सुमारे बारा लाख एकर जमीन सरकारजमा केली. १९९५ साली राणी एलिझाबेथने वेलिंग्टनमध्ये स्वतः सही करून माफीचा कायदा मंजूर केला. भरपाई ठरली सतरा कोटी डॉलरची. गमावलेल्या जमिनीच्या किमतीपुढे ती फारच थोडी. कायद्याच्या कलमांवर गाणं रचायचं आणि त्यावर पोरांना डोकं झटकत नाचायला लावायचं, हे कसब मला तरी आणखी कुठे फारसं दिसलेलं नाही.

पण मला या मुलांबद्दल विश्वास वाटला तो दुसऱ्याच एका गाण्यामुळे. त्याचं नाव ‘काई तांगाता’. त्याचा विषय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या लढाया. तेव्हा उत्तरेकडच्या टोळ्यांच्या हाती युरोपीय व्यापाऱ्यांकडून बंदुका आल्या आणि त्यांनी बंदुका नसलेल्या माओरींचीच कत्तल केली. हजारो माणसं मेली. नावाचा शब्दशः अर्थ माणूस खाणं असा आहे आणि या भावांनी तो कुठे लपवलेला नाही. बंदुका परक्यांच्या होत्या; पण चाप ओढणारी बोटं आपली होती, हेही ते गातात. २०१८ साली जर्मनीतल्या वाकनच्या मोठ्या मेटल महोत्सवात हा बँड वाजला, तेव्हा ते दोघे विशीतही नव्हते. २०२५मध्ये ‘ते रा’ हा त्यांचा तिसरा संग्रह आला. त्यातही माओरी गाणी आहेत.