ब्राउझरमधील त्रुटी आणि आपली जबाबदारी

(शाखा पदाधिकाऱ्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

साथींनो,

आपल्या खात्यांत आणि संघटनेच्या कचेरीतही आता इंटरनेट वापरले जाते. इंटरनेटवरची पाने ज्या प्रोग्रॅममधून उघडतात, तो ब्राउझर. त्यात त्रुटी सापडली, पण तिची दुरुस्ती अजून आलेली नाही, अशा मधल्या काळात संघटनेने काय करावे, एवढेच आज आम्हाला सांगायचे आहे.

२०१४ सालचे उदाहरण घ्या. ८ एप्रिलला मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीच्या दुरुस्त्या देणे बंद केले. २६ एप्रिलला इंटरनेट एक्सप्लोररच्या ६ ते ११ या आवृत्त्यांत त्रुटी असल्याचे जाहीर झाले. हल्लेखोरांनी रचलेले पान नुसते उघडले, तरी त्यांना संगणकात शिरता येत होते. हल्ले सुरू झालेले, दुरुस्ती तयार नाही! अखेर ती १ मे रोजी, ऐन कामगारदिनी आली. अपवाद म्हणून एक्सपीलाही मिळाली. तो ब्राउझर २०२२ साली निवृत्त झाला. पण अशा त्रुटी आजच्या ब्राउझरांतही निघतात, आणि अपवादाच्या भरवशावर कारभार चालत नाही.

रेल्वेतील साथींना यातील मर्म लगेच कळेल. रुळाला तडा दिसला की आपण गाडी थांबवतो. तात्पुरती सोय झाली की कॉशन ऑर्डर देऊन सावकाश नेतो. येथेही तेच करावे. दुसरा ब्राउझर आधीच बसवून ठेवावा आणि धोका टळेपर्यंत तो वापरावा. रोजच्या कामाला संगणकाचे सर्वाधिकार असलेले खाते वापरू नये. कारण शिरणाऱ्याच्या हाती बहुधा आपलेच अधिकार पडतात. वर्गणीचा हिशेब आणि सभासदांची यादी ज्या संगणकावर आहे, त्यावर बाहेरची पाने उघडू नयेत. दुरुस्ती आली की ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू करावा. अनेकदा तोवर ती लागूच होत नाही.

मात्र खात्यातील जुने संगणक बदलणे, दुरुस्त्या वेळेवर बसवणे हे काउंटरवरच्या कर्मचाऱ्याच्या हातात नाही. ती प्रशासनाची जबाबदारी आहे. दुरुस्ती नाकारायची आणि चोरी झाली की कर्मचाऱ्याला चार्जशीट द्यायची, हे आम्ही चालू देणार नाही. कोणत्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे, शेवटची दुरुस्ती कधी बसवली, याची नोंदवही प्रत्येक कार्यालयात हवी, अशी आमची मागणी आहे.

साथींनो, धोका दिसला तर तोंडी सांगून थांबू नका. लेखी कळवा, पोच घ्या आणि तिची प्रत शाखेकडे द्या. आणि अशी नोंदवही प्रथम आपल्याच कचेरीत सुरू करा.

कामगार एकजुटीचा विजय असो!