राऊटर कुठल्या बाजूने चालवायचा? सुतारकाम करणाऱ्या भावांसाठी

मित्रांनो, इकाम्यावर ‘नज्जार’ लिहिलं, म्हणजे सगळी मशीनं येतात असं धरलं जातं. गावाकडे रंध्यावर हात बसलेला माणूस रियाध-दम्मामच्या वर्कशॉपमध्ये पहिल्याच दिवशी राऊटरसमोर उभा राहतो. म्हणून आज एकच गोष्ट बोलू: दिशा.

हातातल्या राऊटरचं बिट वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. फळीची कड तुमच्यासमोर असेल तर राऊटर डावीकडून उजवीकडे न्या. पूर्ण फळीला बाहेरून फिरताना काट्याच्या उलट, आणि आतलं भोक किंवा चौकट करताना काट्याच्या दिशेने.

टेबलावर बसवलेला राऊटर उलटा असतो. तिथे तुमच्या आणि बिटच्या मधलं लाकूड उजवीकडून डावीकडे सारायचं. बिट आणि पाठीमागचा टेका, म्हणजे फेन्स, यांच्या फटीतून लाकूड कधीच घालू नका.

खूण सोपी आहे: हाताला विरोध जाणवला पाहिजे. उलट दिशेने गेलात तर बिट लाकूड चावत नाही, त्यावरून पळतं. हातातला राऊटर निसटतो. टेबलावर तर लाकूड खेचलं जातं आणि मागोमाग बोटं बिटवर जातात. एका दमात खोल कापू नका, दोन-तीन फेऱ्या घ्या. लहान तुकडा हाताने नाही, ढकलकाठीने सारा. बिट बदलताना प्लग काढा. हातमोजे आणि लोंबती बाही फिरत्या बिटजवळ नकोत.

आता हक्काचं. सौदीच्या 2005 च्या कामगार कायद्यानुसार कामातले धोके आधी सांगणं, सुरक्षेचं साहित्य देणं आणि ते वापरायला शिकवणं ही मालकाची जबाबदारी आहे. चष्म्याचे किंवा मास्कचे पैसे पगारातून कापता येत नाहीत. कामावरच्या अपघाताचा विमा ‘गोसी’कडे असतो. त्याचा 2 टक्के हप्ता मालकच भरतो, परदेशी कामगारांसाठीसुद्धा. पण इकामा एकाचा आणि काम दुसऱ्याकडे असेल, तर अपघातानंतर हात झटकले जातात. तेव्हा आपलं नाव गोसीत आहे का, हे आजच बघून घ्या.

“येत नाही, एकदा दाखवा,” असं फोरमनला म्हणायला लाजू नका. तक्रार करायची वेळ आली तर कामगार मंत्रालयाचा नंबर 19911 आहे. घरी पैसे पाठवणारा हात हाच आहे, भावांनो. घाई मालकाची असते, बोटं आपली.