पोत्यात नाही ते मातीतून जाते

(बुलढाणा येथील शेतकरी मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



या विषयावर बोलायला उभे राहिले की श्रोत्यांची अपेक्षा आधीच जाणवते. वक्त्याने रासायनिक खताला विष म्हणावे, गोमातेचा जयजयकार करावा आणि टाळ्या घेऊन खाली बसावे. गोवंशाविषयीची माझी श्रद्धा आपल्याहून कमी नाही. परंतु ज्याचा संसार पाच एकर सोयाबीनवर उभा आहे, त्याच्यासमोर अर्धसत्य बोलणे मला पाप वाटते. म्हणून आपल्या शेजारच्या मातीचीच साक्ष काढतो.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ साली एक दीर्घकालीन प्रयोग सुरू झाला. खरिपात ज्वारी, रब्बीत गहू. त्याच वाफ्याला वर्षानुवर्षे तेच खत. एकाला काहीच नाही, एकाला नुसते नत्र, एकाला नत्र-स्फुरद, एकाला पालाशासह तिन्ही, तर एकाला तिन्हींच्या जोडीला शेणखत. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे असा प्रयोग १८४३ पासून चालू आहे. माती आपला हिशेब सावकाश मांडते, तो वाचायला एक पिढी अपुरी पडते.

अकोल्याचा हिशेब काय सांगतो? ज्याला काहीच मिळाले नाही, तो वाफा सर्वांत दरिद्री राहिला. नुसत्या नत्रावर पोसलेल्या वाफ्यात पीक बाकीची अन्नद्रव्ये मातीच्या गाठोड्यातून उचलत गेले आणि स्फुरद खालावले. तिन्ही अन्नद्रव्ये प्रमाणात दिली तेथे उत्पादन टिकले. उत्पादन आणि सेंद्रिय कर्ब या दोन्हींत आघाडीवर राहिला तो खत आणि शेणखत एकत्र मिळालेला वाफा. दोष खताला चिकटवणे सोपे. खरा दोष एकांगीपणाचा आहे.

हिमाचलातील पालमपूरच्या आम्ल मातीत नुसत्या नत्राने पुढे पीक येणेच बंद झाले. आपली काळी माती चुनखडीयुक्त, म्हणून ती तशी आंबली नाही. पण तोच चुना स्फुरद बांधून ठेवतो, जस्त आणि लोह पिकाला सहज मिळू देत नाही. आपल्याकडचे नुकसान असे मुके असते.

आता आपल्या घरातले पोते पाहू. डीएपीच्या ५० किलोंत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. गंधक नाही, पालाश नाही, जस्त नाही. पूर्वी सिंगल सुपर फॉस्फेट टाकत असू, त्यातून न मागता पोत्यामागे साडेपाच किलोंच्या आसपास गंधक शेतात जाई. डीएपी आले, सोय झाली, आणि गंधक बंद झाले. सोयाबीन तर तेलबिया पीक. त्याला गंधक हवेच. पालाशाचेही तेच. काळ्या मातीत तो मुबलक आहे, हे खरे, परंतु दरवर्षी काढत राहिले तर वडिलोपार्जित ठेवही संपते. त्यात २०१० पासून स्फुरद-पालाशाच्या खतांचे भाव मोकळे सोडले गेले आणि युरिया मात्र नियंत्रित दरात राहिला. शेतकरी स्वस्ताकडे वळला, यात त्याचा काय अपराध?

“शेणखत आणायचे कोठून?” हा प्रश्न मला घाटावर आणि घाटाखाली सारखाच ऐकू येतो. गोठे रिकामे झाले, बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला. नुसत्या भाषणांनी उकिरडे भरत नाहीत, हे आपण कार्यकर्त्यांनीही मान्य केले पाहिजे. पण सोयाबीनचे कुटार तर आपल्या हाती आहे ना? ते पेटवले की कर्ब, नत्र आणि गंधक धुरात जातात व राख एका कोपऱ्यात पडते. तेच कुजवून शेतात परत द्यावे. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील बांधवांचे दुखणे मात्र वेगळे आहे. तेथे सोडियमने माती घट्ट होते. आधी जिप्सम आणि ढेंचा-बोरूसारखे हिरवळीचे खत, मग पोत्याचा विचार.

मृद आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली आली. तिच्यावर बारा नोंदी असतात; आपण फार तर पहिल्या तीन वाचतो. गंधक, जस्त आणि सेंद्रिय कर्ब या ओळी आज घरी जाऊन वाचा. पत्रिका नसेल, तर उन्हाळ्यात शेत मोकळे असताना नमुना काढा. बांधालगतचा, झाडाखालचा, उकिरड्याजवळचा घेऊ नका. शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी ‘व्ही’सारखा खड्डा करून त्याच्या कडेची माती घ्या, ती एकत्र मिसळा, सावलीत वाळवा आणि अर्धा किलो पिशवीत भरा. पिशवी खताची नको.